लहान मुलीसाठी जिम्नॅस्टिक्सच्या ग्रिप्स: माप कसं घ्यायचं, डॉवेल हवा का, वेल्क्रो की बक्कल? (नाशिक)

गोदाकाठ (धागाकर्ती)

मुलगी साडेसात वर्षांची. आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स, आठवड्यातून चार दिवस. अनइव्हन बारवर (एक उंच, एक ठेंगणा असे दोन आडवे दांडे) किप (लटकत्या झोक्यातून बारच्या वर येणं) आधाराशिवाय येते, जायंट (सरळ अंगाने बारभोवती पूर्ण फेरी) अजून नाही. सरांनी ‘ग्रिप्स (तळव्यावर बांधायची चामड्याची पट्टी) मागवून ठेवा’ इतकंच सांगितलंय. मेन रोड-शालिमारच्या दुकानांत विचारलं की वजन उचलायचे हातमोजे पुढे करतात. ऑनलाइन दोन भोकांच्या, तीन भोकांच्या, काडीवाल्या, बिनकाडीच्या, एक बक्कल, दोन बक्कल असं सगळं दिसतं. आकडेही ०, १, २ असे. त्याचा सेंटीमीटरशी काय संबंध ते कळत नाही.

मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत हात अंदाजे साडेतेरा सेंटीमीटर भरतो. नेमकं काय मागवू? आणि जरा मोठं माप घेतलं तर दोन वर्षं निघतील का?

---

सिंगलबार

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. शाळेचा गणवेश, बूट, स्वेटर हे वाढत्या अंगाचं घेतो तसं ग्रिप्सचं चालत नाही. कारण खाली कुणीतरी सविस्तर लिहीलच, नाहीतर मी लिहितो.

आता प्रकार. ग्रिप्स फक्त तीन साधनांवर लागतात. मुलींना अनइव्हन बारवर, मुलांना सिंगल बारवर (हॉरिझॉन्टल बार) आणि रोमन रिंगवर. व्हॉल्ट, बीम, फ्लोअर, डबल बार, पॉमेल हॉर्स यांना काहीही लागत नाही. मुलगी रिदमिकला असेल तर हा धागाच बंद करा, तिकडे ग्रिप्सचं काम नाही. (हसू नका, नाशकात अर्धे पालक दोन्हीला ‘जिम्नॅस्टिक्स’च म्हणतात आणि खरेदी करून मोकळे होतात.)

अनइव्हन बारची ग्रिप: दोन भोकं, मधलं बोट आणि अनामिका. बोटांच्या खाली आडवी बारीक दांडी, तिला डॉवेल म्हणतात.
सिंगल बारची ग्रिप: तीन भोकं, तर्जनीसकट. चामडं लांब, डॉवेल बारीक.
रिंगची ग्रिप: पुन्हा दोन भोकं, पण डॉवेल जाड.

याशिवाय लहान मुलांसाठी बिनडॉवेलच्या मिळतात. त्यांना पामगार्ड म्हणतात. नुसतं चामडं, भोकं आणि मनगटाचा पट्टा.

ऑनलाइन शोधात ‘जिम ग्रिप’ लिहिलंत तर पुलअप आणि वजनाच्या व्यायामाचे पॅड येतात. त्यांनाही भोकं असतात, दिसायला सारखेच. पण त्यांचं चामडं किंवा रबर बारवर फिरण्यासाठी केलेलं नसतं, चिकटून बसण्यासाठी केलेलं असतं. झोक्याला ते अडकतं. घेऊ नका.

---

मापात_पाप

माप नीट घेऊया. ‘अंदाजे साडेतेरा’ हे माप नाही.

नखं कापा. हात टेबलावर पालथा नको, उताणा ठेवा, बोटं जुळवून, मनगट सरळ. मनगटावर दोन-तीन आडव्या रेघा असतात. त्यातली तळहाताला सर्वांत जवळची रेघ धरायची. तिच्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, नखाच्या नाही, मांसाच्या टोकापर्यंत. स्टीलची पट्टी वापरा आणि मिलिमीटरमध्ये लिहा. शिवणकामाची टेप तळव्याच्या खोलगट भागात वळते आणि माप वाढवते.

दोन्ही हात मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक बऱ्याच मुलांत असतो. त्याहून जास्त निघाला तर पुन्हा मोजा, बहुतेक रेघ चुकलेली असते. लहान मुलं पट्टी लागली की बोटं ताणतात किंवा मनगट मागे वाकवतात, त्यामुळे तीनदा मोजून मधला आकडा घ्या.

कागदावर पेन्सिलीने हात काढून मोजणार असाल तर पेन्सिल उभी धरा. तिरकी धरली की बाहेरची रेघ सरकते आणि आकडा फुगतो. मनगटाच्या रेघेची खूण हात कागदावर असतानाच दोन्ही बाजूंना टिंब देऊन करा, नंतर आठवून नको.

मग त्या-त्या कंपनीचा तक्ता. रायस्पोर्टचा १ म्हणजे दुसऱ्या कंपनीचा १ असं समीकरण नाही. काही कंपन्या मनगटाच्या रेघेपासून मोजायला सांगतात, काहींची रीत वेगळी असते. तक्त्याशेजारी हाताचं चित्र असतं, ते बघितल्याशिवाय आकडा लावू नका. आणि तक्ते बरेचदा इंचात असतात. साडेपाच इंच म्हणजे १३.९७ सेंटीमीटर, सहा इंच म्हणजे १५.२४. साडेपाचला ५.५ सेंटीमीटर समजणारं कुणी नसतं, पण ५ १/४ आणि ५.४ यांची गल्लत करणारे भरपूर. सव्वापाच इंच म्हणजे १३.३ सेंटीमीटर.

दोन मापांच्या मध्ये आलात तर डॉवेलवाल्या ग्रिपमध्ये लहान माप घ्या. चामडं वापराने ताणतं, आकसत नाही.

---

वेणीफणी

पण लहान घेतली आणि सहा महिन्यांत हातच वाढला तर? या वस्तू स्वस्त नाहीत हो. एखादं माप मोठं घेऊन पट्टा घट्ट बांधला तर काय बिघडतं?

---

सिंगलबार

बिघडतं ते असं. ग्रिप काम करते तेव्हा डॉवेल बारच्या वरच्या बाजूला येतो, बोटं त्याच्यावरून वाकतात आणि चामड्याची एक घडी डॉवेल आणि बारच्या मध्ये पकडली जाते. पकड त्या घडीतून येते. झोक्यात चामडं बारभोवती सरकत राहतं, थांबत नाही.

चामडं लांब असेल तर ते बारला जास्त वळसा घालतं आणि टोकाकडचा भाग स्वतःच्याच अंगावर चढतो. आता बार आणि बोटं यांच्या मध्ये चामड्याचे दोन थर दाबले गेले. सरकणं बंद. हात बारला जखडला, अंग मात्र पूर्ण वेगाने पुढे चाललंय. याला ग्रिप लॉक म्हणतात. मनगट आणि कोपराखालची हाडं यात मोडतात. सर्वांत जास्त धोका सिंगल बारच्या डॉवेल ग्रिप्सना आहे, पण अनइव्हन बारवरही होतं.

पट्टा घट्ट बांधून लांबी कमी होत नाही. लांबी भोकापासून पट्ट्यापर्यंतची असते. पट्टा नुसता आवळला तर मनगट आवळलं जातं, मधलं चामडं तेवढंच राहतं. उलट पट्टा सैल असला तरी हेच होतं: ग्रिप बोटांकडे सरकते आणि बरोबर मापाची ग्रिपही लांब झाल्यासारखी वागते.

हात वाढला तर काय, तर नवीन घ्यायची. दर तीन महिन्यांनी माप घ्या आणि जुन्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.

---

अंबड_व्हर्निअर

सिंगलबार यांना अनुमोदन, जरा आकडे जोडतो. स्पर्धेचा सिंगल बार पोलादी, व्यास २८ मिलिमीटर. अनइव्हन बार फायबरग्लासचा, वर लाकडाचा थर, व्यास ४० मिलिमीटर. म्हणजे घेर अनुक्रमे ८८ आणि १२६ मिलिमीटर. जाड बारवर जे चामडं पलीकडच्या बाजूला अर्ध्या वाटेत संपतं, तेच बारीक दांड्यावर फिरून परत तळव्याकडे येतं. म्हणून मुलीची ग्रिप मुलांच्या सिंगल बारवर ‘जरा करून बघ’ म्हणून वापरू देऊ नका, आणि मोठ्या भावाची तीन भोकांची ग्रिप तिला देऊ नका.

दुसरं. सगळ्या सरावाच्या जागी स्पर्धेचा बार नसतो. बऱ्याच ठिकाणी जीआय पाइप लावलेला असतो. ‘एक इंची’ पाइप बाहेरून ३३.७ मिलिमीटर भरतो, ‘सव्वा इंची’ ४२.४. इंच हे आतल्या बोअरचं नाव आहे, बाहेरच्या व्यासाचं नाही. सातपूर-अंबडच्या कुणाही पालकाकडे व्हर्निअर सापडेल, एकदा क्लासला घेऊन जा आणि बार मोजा. पाइपला ऑइलपेंट असेल तर डॉवेल ग्रिप त्यावर वापरूच नये. रंग गरम होऊन चिकटतो, पापुद्रे निघतात, चामडं कधी सरकतं कधी अडकतं.

---

राळ_आणि_एरंडेल

थोडा विरोधी सूर लावतो. साडेसात वर्षांच्या मुलीला ग्रिप्स हव्यातच कशाला? मल्लखांबावर मुलं उघड्या हातांनीच करतात ना. हाताला आधी बार कळू दे, तळवा निबर होऊ दे. ग्रिप घातली की दांडा जाड लागतो, बोटांची पकड कच्ची राहते आणि मूल चामड्यावर विसंबतं. किप अजून रोजची झाली नसेल तर दोन महिने थांबलं तरी काही बुडत नाही.

---

सिंगलबार

अर्धं पटलं. मल्लखांबाची तुलना मात्र लागू नाही. तिथे खांबाला एरंडेल, हाताला राळ, आणि पकड मांड्या-पोटऱ्यांचीही असते. बारवर झोक्याच्या तळाशी सगळा भार बोटांच्या मुळाशी येतो आणि कातडी बारवर फिरते. जायंट सुरू झाले की तो भार वजनाच्या कितीतरी पट होतो. निबर कातडीच आधी फाटते, कारण उंच घट्टा बारमध्ये चिमटतो आणि मुळापासून उचकटतो.

वयाचा आकडा मी सांगणार नाही. प्रशिक्षक पाहतात ते तीन गोष्टी: मूल किप-कास्ट (कास्ट म्हणजे बारच्या वर हातांवर राहून पाय मागे झोकणं) सलग करतं का, ग्रिप स्वतःची स्वतः बांधता येते का, आणि काही गडबड वाटली तर ते थांबून सांगतं का. तिसरी सर्वांत महत्त्वाची. ‘पट्टा सैल झालाय’ हे न बोलता बारवर चढणाऱ्या मुलाला डॉवेल देऊ नये.

या मुलीबाबत माझं मत: आत्ता बिनडॉवेलची, वेल्क्रोची. जायंटची तयारी सुरू होईल तेव्हा डॉवेल. पण सरांना थेट विचारा, ‘ग्रिप्स आणा’ म्हणजे डॉवेलवाल्या की बिनडॉवेलच्या? एका वाक्यात उत्तर मिळेल.

---

राळ_आणि_एरंडेल

हे मान्य. तिसरा मुद्दा लाख मोलाचा.

---

इंदिरानगर_पालक

वेल्क्रो की बक्कल यावर कुणीतरी बोला. आमच्याकडे याच्यावरून वाद चालू आहे.

---

मापात_पाप

वेल्क्रो: लहान मूल एका हाताने, दातात न धरता बांधू शकतं, बारीक मनगटाला हवं तिथे थांबवता येतं. दोष असा की हुकांत चॉक (पकडीसाठी लावायची पांढरी पूड) आणि सुती रिस्टबँडचे धागे भरतात आणि पकड जाते. जुन्या टूथब्रशने आठवड्यातून एकदा हुक साफ करायचे. पट्ट्याचं टोक उचललं जायला लागलं किंवा ओढल्यावर ‘चर्र’ आवाज येईनासा झाला की तो पट्टा संपला.

एक बक्कल: धरून ठेवतं, पण भोकं ठरावीक अंतरावर असतात. बारीक मनगटाला एका भोकावर सैल आणि पुढच्यावर बोटं निळी, असं होतं. चप्पल दुरुस्तीवाल्यांकडून दोन भोकांच्या मध्ये नवं भोक पंचने पाडून घ्या. खिळ्याने नको, खिळ्याच्या भोकाला चिरा जातात.

दोन बक्कल: मनगटावर भार पसरतो, सरकत नाही. मोठ्या, जोराच्या कसरती करणाऱ्यांसाठी. साडेसातच्या मनगटावर दोन बक्कलांचा रुंद पट्टा मावतच नाही, तळव्याच्या खालच्या उंचवट्यावर चढतो.

बक्कल मनगटाच्या मागच्या बाजूला, हाताच्या पाठीकडे. आतल्या बाजूला आलं तर बारला आपटतं.

---

चॉकबॉक्स

घालून बघायची पद्धत कुणी लिहिली नाही, ती लिहितो. ग्रिप घरी आली की चॉक लावण्याआधी, स्वच्छ कोरड्या हातावर हे करा. एकदा पांढरी झाली की विकणारा परत घेत नाही.

आधी रिस्टबँड घाला. ग्रिप नेहमी रिस्टबँडवर बांधायची, नुसत्या कातडीवर नाही. माप तपासतानाही तो हवाच, कारण त्याच्या जाडीने पट्टा थोडा वर सरकतो. पातळ सुती बँड घ्या. टेनिसवाले फुगीर टेरीचे बँड लहान मनगटावर गोळा होतात.

मधलं बोट आणि अनामिका भोकांत घाला. डॉवेलवाली ग्रिप असेल तर भोकं बोटाच्या मधल्या पेरावर थांबली पाहिजेत, म्हणजे टोकाकडून पहिल्या आणि दुसऱ्या सांध्याच्या मध्ये. पार खाली बोटाच्या मुळाशी घसरत असतील तर भोकं मोठी आहेत किंवा ग्रिप लहान आहे. टोकाच्या पेरावरच अडकत असतील तर भोकं लहान आहेत.

आता चामडं तळव्यावरून खाली ओढा. पट्टा मनगटावर, तळहाताच्या रेघेला लागून खाली यायला हवा. तळव्याच्या मांसावर चढत असेल तर ग्रिप आखूड. मनगटाच्या हाडाच्या बरीच खाली कोपराकडे जात असेल तर लांब. मनगट सरळ ठेवून पट्टा बांधा. पट्ट्याखाली तुमचं करंगळीचं टोक जेमतेम शिरावं, बोट आरपार जाऊ नये.

मग हात सरळ करायला सांगा. डॉवेलच्या ग्रिपमध्ये बोटं किंचित आत वाकलेली राहतात. हात आरामात पूर्ण सपाट होऊन चामडं वर फुगत असेल तर लांब आहे. उलट बोटं पंज्यासारखी ओढली जात असतील तर आखूड.

शेवटची तपासणी बारवरच. गुडघ्याएवढ्या किंवा छातीएवढ्या बारला धरायला सांगा, पाय जमिनीवर. बाजूने बघा. डॉवेल बारच्या माथ्याला किंवा जरासा पलीकडे दिसला पाहिजे आणि चामडं तळव्याच्या बाजूला एकदाच वळलेलं. डॉवेल फिरून अंगठ्याच्या किंवा तळव्याच्या दिशेने येत असेल तर तिथेच काढा. मग दहा सेकंद लटकू द्या, उतरवा, ग्रिप काढून हात बघा. बोटांच्या कडांना लाल वळ थोडा वेळ राहतो, ते चालतं. बधीर वाटणं, नखं निळसर होणं, मनगटात टोचणं हे चालत नाही.

बिनडॉवेलच्या ग्रिपमध्ये मुख्य बघायचं ते एवढंच: बोटांच्या मुळाशी जिथे घट्टे येतात तो भाग झाकला जातो का, आणि मूठ केल्यावर चामड्याची जाड वळकटी तर होत नाही ना.

---

गोदाकाठ

इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं, धन्यवाद. भोकं लहान असतील तर मोठी करता येतात म्हणे. कात्रीने?

---

चॉकबॉक्स

कात्री अजिबात नाही, ताई. कात्रीने चीर पडते आणि झोक्यात तीच चीर फाटत डॉवेलपर्यंत जाते. बारीक पॉलिश पेपर, १२० नंबरचा, पेन्सिलीला गुंडाळा आणि भोकात आतून गोल फिरवा. दहा-बारा फेरे, मग बोट घालून बघा, पुन्हा फेरे. सगळीकडून सारखं झिजलं पाहिजे, एकाच बाजूने नाही. शेवटी २२० नंबरने कड गुळगुळीत करा, नाहीतर ती कड बोटाच्या बाजूला कापते. बोट थोडं घट्ट जात असेल तेव्हाच थांबा, उरलेलं चामडं आपोआप सैल होतं.

भोकाच्या बाहेरच्या कडेला चामडं किती उरतंय ते बघत राहा. फार अरुंद राहिलं तर फाटणार तिथूनच.

---

रविवार_कारंजा

चप्पल दुरुस्तीवाल्यांकडून पूर्ण ग्रिपच शिवून घेतली तर? भद्रकालीत चामड्याचं काम चांगलं होतं.

---

अंबड_व्हर्निअर

पट्टा आणि बक्कल यांची शिलाई उसवली असेल तर जरूर करून घ्या, मेणाच्या नायलॉन दोऱ्याने, गाठ बाहेरच्या बाजूला. आतली गाठ मनगटात रुतते. पण तळव्याच्या चामड्याला ठिगळ नको आणि अख्खी ग्रिप तर नकोच. त्यांच्याकडचं चामडं चपलेच्या कामाचं, जाड आणि ताठ. लहान हाताला ते वळत नाही. आणि घरी पेन्सिल, बांबूची काडी किंवा प्लॅस्टिकची नळी शिवून डॉवेल करण्याचा खटाटोप कुणी करू नये. काडी मोडली की टोक बोटात जातं.

---

इंदिरानगर_पालक

नवीन ग्रिप थेट वापरायची का?

---

सिंगलबार

नाही. कोरं चामडं गुळगुळीत आणि ताठ असतं, घसरतं. आधी घरी: रोज दहा मिनिटं हाताने गुंडाळायची, सोडायची, डॉवेलच्या खालच्या भागाला जास्त. तळव्याची बाजू तारेच्या ब्रशने अगदी हलक्या हाताने खरवडली की तंतू उठतात आणि चॉक धरतो. खरवडायची, घासून पातळ करायची नाही.

मग बारवर. पहिल्या दिवशी फक्त लटकणं आणि छोटे झोके, ठेंगण्या बारवर. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला कास्ट. मग किप. किप पहिले काही दिवस बिघडणार, कारण बार जाड लागतो आणि मनगट फिरवायची वेळ बदलते. मूल रडकुंडीला येतं, पालक ग्रिपला दोष देतात. दोन-तीन आठवडे द्या. या काळात एकही नवी कसरत नको, आणि स्पर्धेच्या तोंडावर नवी ग्रिप तर मुळीच नको. म्हणून जुनी जोडी चालू असतानाच दुसरी तयार करत ठेवतात.

डावी-उजवी ठरवून टाका आणि पट्ट्यावर पेनने ‘डा’, ‘उ’ लिहा. काही दिवसांत चामडं त्या-त्या हाताच्या आकाराचं होतं, अदलाबदल केली की वळ्या चुकीच्या जागी येतात.

---

वेणीफणी

चॉक म्हणजे शाळेतला खडू कुटून चालेल का? (विचारून ठेवते.)

---

चॉकबॉक्स

नाही चालणार. जिम्नॅस्टिक्सचा चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. फळ्याचे खडू जिप्समचे किंवा कॅल्शियम कार्बोनेटचे. ते घाम तसा शोषत नाहीत, बारवर त्यांचा लेप बसतो आणि घसरतं. मॅग्नेशियमच्या वड्या ५६ ग्रॅमच्या मिळतात. हाताला आणि ग्रिपला पातळ थर पुरे, ढीग नको. बारवरही जुना चॉक साचून उंचवटे होतात, ते क्लासमध्ये ब्रशने काढलेच पाहिजेत. ग्रिपवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारून मग चॉक लावतात, त्याने तो चामड्याला बसतो. फवारा म्हणजे फवारा, भिजवणं नाही.

आणि तेल. केसांना तेल लावून वेणी घातलेली मुलगी क्लासला येते, वाटेत दहा वेळा केसांवरून हात फिरवते आणि त्याच हातांनी ग्रिप घालते. चामड्यावर तेलाचा डाग पडला की ती जागा चॉक धरत नाही, कायमची. बारच्या दिवशी डोक्याला तेल नको, आणि ग्रिपआधी साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. त्याच व्यायामशाळेत मल्लखांबही करणाऱ्या मुलांनी तर खास सांभाळावं, एरंडेल सहजासहजी जात नाही.

---

गोदाकाठ

पावसाळ्यात काय करता? बॅगेत ओले मोजेसुद्धा वाळत नाहीत.

---

राळ_आणि_एरंडेल

जून ते सप्टेंबर हा ग्रिप्सचा घातवार. क्लास सुटल्यावर ग्रिप पाण्याच्या बाटलीजवळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद, आणि दोन दिवसांनी हिरवी-पांढरी बुरशी. जाळीच्या किंवा सुती पिशवीत ठेवा, घरी आल्या-आल्या बाहेर काढून पंख्याखाली टांगा, भोकांतून दोरी घालून नाही, पट्ट्याने. रिस्टबँड वेगळे काढून धुवा. ग्रिप धुवायची नसते. हेअर ड्रायर, इस्त्री, गॅसजवळ ठेवणं किंवा एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत सोडणं, यातलं काहीही केलं की चामडं कडक होऊन डॉवेलच्या खाली तडकतं.

निफाडचा पारा उतरला की दुसरी तऱ्हा, हात कोरडे पडून घट्ट्यांना भेगा जातात. रात्री झोपताना पेट्रोलियम जेली लावून सुती मोजा हातात घालायचा, सकाळी धुवायचं. घट्टा वर आला असेल तर आंघोळीनंतर प्युमिस दगडाने सपाट करायचा. सपाट, नाहीसा नाही.

---

इंदिरानगर_पालक

आणि साल निघालीच तर? आजी हळद भरते.

---

चॉकबॉक्स

आजींचा मान राखून, उघड्या जखमेत कुठलीच पूड नको, तिचा खडा होतो आणि पुढच्या वेळी पुन्हा उचकटतं. साबण-पाण्याने धुवा, लोंबणारी सुटी कातडी स्वच्छ नखकात्रीने कडेला कापा, ओढू नका, आणि झाकून ठेवा. त्या दिवशी बार बंद. सूज, पू, लाली पसरणं किंवा ताप दिसला तर डॉक्टर.

जखम भरत आल्यावर चिकटपट्टीची तात्पुरती ग्रिप करता येते. ३.८ सेंटीमीटर रुंद कापडी स्पोर्ट्स टेप, लांबी हाताच्या दुप्पट. चिकट बाजू आत ठेवून उभी घडी घाला. मध्यभागी बोटाच्या मुळाला बसेल असा सैलसर फास करा, दोन्ही टोकं तळव्यावरून मनगटापर्यंत आणा, हात थोडा वाकवून ठेवा आणि मनगटाला दुसऱ्या टेपचे दोन वेढे द्या. हात ताठ ठेवून बांधली तर मूठ मिटल्यावर टेप लोंबते. ही फक्त हलक्या सरावासाठी, आणि डॉवेल ग्रिपच्या खाली घालायची नाही, जाडीने माप बदलतं.

---

मापात_पाप

बाद कधी करायची हेही लिहून ठेवतो. दर वेळी घालण्याआधी ग्रिप उजेडात धरून वाकवा. डॉवेलच्या लगेच खालची आडवी रेघ आणि भोकांच्या कडा, फाटायला सुरुवात इथूनच होते. आडवी चीर दिसली, भोकं लांबट झाली, कुठे चामडं पातळ होऊन मऊ पडलं किंवा शिलाईचा दोरा सुटला की ती ग्रिप बारवर नाही. आणि जी ग्रिप घेताना बरोबर होती पण आता बोटं आरामात सपाट होतात, ती ताणून लांब झाली आहे. फाटली नसली तरी बादच. धाकट्या बहिणीला द्यायला तर अजिबात ठेवू नका, तिला ती आणखीच लांब होणार.

---

गोदाकाठ

आज पुन्हा मोजलं, उताणा हात, स्टीलची पट्टी. डावा १३.४, उजवा १३.६. सरांना विचारलं, म्हणाले बिनडॉवेलच, वेल्क्रो. तक्त्यात दोन मापांच्या बरोबर मध्ये येतंय. डॉवेल नसली तरी लहानच घ्यायची का?

---

मापात_पाप

बिनडॉवेलमध्ये लॉकची भीती कमी, पण वळकटी होते, म्हणून लहानच. फक्त रुंदी बघा. तळवा रुंद असेल तर लहान मापाचं चामडं करंगळीच्या बाजूचा घट्टा उघडा सोडतं. तर्जनीच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंत आडवं माप घ्या आणि विकणाऱ्याला चामड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये विचारा. उत्तर आलं नाही तर दुसरीकडून मागवा.

---

गोदाकाठ

आडवं ६.१ आहे. विचारते.

---

सिंगलबार

मागवताना दोन जोड रिस्टबँडही घ्या, एक वाळत असताना दुसरा. आणि पार्सल आलं की मुलीला आधी घरी सोफ्यावर बसून पंधरा-वीस वेळा घालायला-काढायला लावा, तुम्ही हात न लावता.